लाखाचे बारा हजार आणि अब्जाधीशांची मोजदाद

घाटावरचा

वाईच्या अलीकडं आमचं गाव. गावात एका वाड्याला सगळे 'लखपतीचा वाडा' म्हणतात. मालक गुळाचे अडते. 1965 च्या सुमाराला त्यांच्याकडं लाख रुपये जमले अशी बोलवा झाली आणि आडनाव मागं पडून लखपती हेच नाव चिकटलं. माझे आजोबा त्यांच्या अडतीवर दिवाणजी होते. शेटजी रोज धोतर स्वतः धूत, पण 'लखपती' अशी हाक आली की मान वळवायचे, असं आजोबा सांगत.

यंदा गणपतीत गावी गेलो तेव्हा त्या वाड्याच्या सोप्यात एक फोटो दिसला. शेटजींची पणतसून, अंगावर बचत गटाची साडी, हातात प्रमाणपत्र. त्यावर लिहिलंय 'लखपती दीदी'. ज्या घराचं उत्पन्न वर्षाला लाख रुपये झालं, त्या घरातल्या गटाच्या सभासद बाईला सरकार हे नाव देतं. महिन्याला 8,333 रुपये. एकाच सोप्यात तीन पिढ्यांच्या अंतरानं दोन लखपती. एकाला बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची, दुसरीला गॅसची टाकी आणताना विचार करावा लागतो.

घरी येऊन एक भागाकार केला. भांडवली नफ्यासाठी आयकर खातं महागाईचा निर्देशांक काढतं. जुन्या मालिकेत 1981-82 ला तो 100 होता, 2011-12 ला 785, 2012-13 ला 852. म्हणजे 1981 चे लाख रुपये 2011-12 मध्ये 12,739 रुपयांच्या मोलाचे झाले आणि पुढच्या वर्षी 11,737 च्या. लाखाचे बारा हजार! धंदा बुडवायला नको, जुगार खेळायला नको. पैसे ट्रंकेत ठेवून तीस वर्षं गप्प बसलं तरी पुरे.

आता मुद्दा. 'अब्जाधीश वाढले हो' म्हणून जी ओरड चालते, तिच्यात निम्मा पराक्रम या भागाकाराचा आहे असं माझं मत आहे. फोर्ब्स मासिकानं जगातल्या अब्जाधीशांची पहिली यादी 1987 मध्ये काढली, तिच्यात 140 जण होते. 2025 च्या यादीत 3,028. पण रेषा तीच, एक अब्ज डॉलर. 1987 चा एक अब्ज म्हणजे आजचे पावणेतीन अब्जांहून जास्त. दहावी पास व्हायला 35 च मार्क ठेवायचे, पेपर मात्र दरवर्षी सोपा काढायचा, आणि निकाल वाढला म्हणून बोंब मारायची, तसलं हे. लखपती शब्दाचं जे झालं तेच कोट्यधीशाचं झालंय. मुंबईत कोटीत वन बीएचके मिळाला तर पेढे वाटतात. अब्जाधीश त्याच वाटेनं निघालाय. मग 'अतिश्रीमंत' या शब्दाला आकड्यात काही अर्थ उरतो का?

तिखटमीठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडली तर त्यावर जीएसटी. (हलके घ्या.)

दशांशचिन्ह

'निम्मा पराक्रम' हा आकडा कुठून काढलात? भागाकार आवडतो म्हणता, तर हा करून बघा.

फोर्ब्सचीच दुसरी यादी घ्या, अमेरिकेतल्या 400 अतिश्रीमंतांची. इथं रेषा कुणी आखत नाही, वरचे 400 मोजतात. त्यामुळं तुमचा 35 मार्कांचा आक्षेप इथं चालत नाही. 1982 च्या पहिल्या यादीत शेवटच्या नंबरावर यायला साडेसात कोटी डॉलर लागत होते. 2024 मध्ये लागले 330 कोटी. दरम्यान अमेरिकेतल्या किमती वाढल्या सव्वातीन पट. साडेसात कोटींना सव्वातीननं गुणा, साधारण 24 कोटी येतात. म्हणजे महागाईनं सांगितलं असतं की 24 कोटीवाल्याला यादीत घ्या, आणि प्रत्यक्षात दारवान 330 कोटी मागतोय. चौदा पटींच्या आसपास फरक.

चारशे जणांची मिळून संपत्ती 1982 मध्ये 92 अब्ज डॉलर होती, अमेरिकेच्या वार्षिक उत्पन्नाच्या पावणेतीन टक्के. 2024 मध्ये 5,400 अब्ज, म्हणजे अठरा टक्क्यांच्या पुढं. महागाई अंशातही तेवढीच असते आणि छेदातही, त्यामुळं टक्केवारीतून ती आपोआप गळते. तरीही उरतात हे अठरा टक्के.

वाड्याची गोष्ट गोड आहे. पण ती लखपतीची आहे, आणि लखपती कधीच अतिश्रीमंत नव्हता. तालुक्यातला सुखवस्तू अडत्या होता. त्याच्या आडून अब्जाधीशांवर महागाईचं पांघरूण घालू नका.

सराफकट्टा

दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण मोजपट्टीचं आधी ठरवा राव. आमची पेढी तिसऱ्या पिढीची, म्हणून सवयीनं सोन्यात मोजतो.

1965 ला सोनं दहा ग्रॅमला सत्तर रुपयांच्या आसपास. (जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आज गिऱ्हाईक तोळा म्हणतं आणि दहा ग्रॅम घेतं. तोळ्यालासुद्धा महागाई लागली म्हणायची.) शेटजींच्या लाखात चौदा किलोच्या आसपास सोनं आलं असतं. 2025 च्या एप्रिलात दहा ग्रॅमनं लाख गाठला आणि दिवाळीच्या सुमाराला सव्वा लाखाच्या आगेमागे होता. म्हणजे वरच्या तिखटमीठांची झाकली मूठ उघडली तर आत बरोबर एक तोळा निघेल. त्या हिशेबानं शेटजी आज सतरा कोटींचे धनी.

आता तेच औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात मोजा. 1965 पासून आजवर तो साधारण पासष्ट ते सत्तर पट झाला. शेटजी सत्तर लाखांचे धनी.

सत्तर लाख की सतरा कोटी? एका पट्टीनं सुखवस्तू, दुसरीनं बडं धेंड. माणूस तोच, लाख तेच.

आणि एक भानगड आहे. सतरा कोटी म्हणायला तोंड गोड होतं, पण 1965 ला शेटजींना चौदा किलो सोनं घेताच आलं नसतं. मोरारजीभाईंचा सुवर्ण नियंत्रणाचा अंमल होता. 1963 पासून 14 कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी. लगडी घेऊन ठेवायची कायदेशीर सोय नाही. आमच्या आजोबांचे चार कारागीर तेव्हा काम सोडून गेले, त्यातला एक पुढं एसटीत कंडक्टर झाला. तेव्हा जी वस्तू घेता येत नव्हती तिच्यात संपत्ती मोजायची म्हणजे न झालेल्या लग्नाचा हुंडा मोजण्यासारखं आहे.

हडसनपार

इकडं अमेरिकेत हाच वाद तेलसम्राट रॉकफेलरवरून चालतो. 1916 मध्ये वर्तमानपत्रांनी त्याला पहिला अब्जाधीश ठरवलं. 1937 मध्ये गेला तेव्हा इस्टेट साधारण 1.4 अब्ज डॉलरची धरतात. नुसती महागाई लावली तर आजचे तीस-एकतीस अब्ज. म्हणजे आजच्या यादीत पहिल्या दहांतसुद्धा बसणार नाही. पण तेव्हाच्या देशाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर दीड टक्का येतो. आजच्या अमेरिकेचा दीड टक्का म्हणजे 440 अब्जांच्या घरात. एलॉन मस्क ऑक्टोबर 2025 मध्ये काही काळ 500 अब्जांना टेकला होता, त्याच्या शेजारी खुर्ची मिळेल.

दशांशचिन्हांना एक विचारायचंय. टक्केवारी घेतली की महागाई गळते हे मान्य. पण 1937 चं अमेरिकेचं उत्पन्न आणि आजचं, ही एकाच जातीची वस्तू आहे का? (आता कुणीतरी 'रॉकफेलरकडे एसी नव्हता, पेनिसिलिन नव्हतं, म्हणून आपण सगळे त्याच्याहून श्रीमंत' असं लिहिणार. कृपा करून नको. माझा मॅनेजर दर पगारवाढीच्या वेळी हेच ऐकवतो.)

गोदाकाठ

अमेरिकेपर्यंत कशाला जाता? जगातला सर्वात श्रीमंत माणूस आमचा राजा होता. मी नांदेडकडचा. 22 फेब्रुवारी 1937 च्या टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मीर उस्मान अली खान, हैदराबादचे सातवे निजाम, जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून छापले होते. जेकब हिरा, 184 कॅरेटांच्या वर, ते कागदावर वजन म्हणून ठेवत असत. त्यातले कागद आमच्या आजोबांसारख्यांच्या शेतसाऱ्याचे असणार, दुसरे कुठले.

निजामाचं चलन वेगळं होतं, हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार. आजी शेवटपर्यंत 'कलदार' म्हणायची, म्हणजे इंग्रजी रुपया, खणखणीत. तिच्या सासरच्यांनी तिच्या बापाला हुंडा कलदारात मागितला की हालीत, यावरून बैठक मोडत आली होती म्हणे. हाली-कलदारचा हा सातास सहाचा भाव पुढं एका मजेशीर ठिकाणी दिसतो. विलीनीकरणानंतर निजामाचा तनखा ठरला वर्षाला 42 लाख 85 हजार 714 रुपये. असला वाकडा आकडा का? कारण मूळ बोली 50 लाख हालीची. सातानं भागा, सहानं गुणा.

हा तनखा रुपयांत बांधलेला होता, महागाईभत्ता नाही. गव्हर्मेंटच्या चपराशाला महागाईभत्ता, जगातल्या सर्वात श्रीमंत माणसाला नाही! 1967 मध्ये ते गेल्यावर वारसाला 20 लाखच ठेवले आणि 1971 मध्ये सगळ्याच संस्थानिकांचे तनखे बंद.

पण या धाग्यासाठी खरी गोष्ट लंडनची आहे. सप्टेंबर 1948, पोलीस ॲक्शनची धामधूम. निजामाच्या नावचे 10 लाख 7 हजार 940 पौंड 9 शिलिंग लंडनमधल्या एका बँकेतून पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळवले गेले. निजामानं लगेच हात झटकले, आपण असं सांगितलंच नाही म्हणून. बँकेनं पैसे धरून ठेवले. खटला, अपील, तडजोडीच्या बोलण्या. ऑक्टोबर 2019 मध्ये लंडनच्या हायकोर्टानं निकाल दिला, पाकिस्तानचा दावा फेटाळला, पैसे भारत आणि निजामाचे वारस यांचे. तोवर रक्कम झाली होती साडेतीन कोटी पौंड. पेपरांत मथळे आले, दहा लाखांचे साडेतीन कोटी झाले म्हणून.

काय झाले? 1948 ते 2019 ब्रिटनमधल्या किमतीही पस्तीस-छत्तीस पटच झाल्या. म्हणजे 71 वर्षांनी पैसे जिथल्या तिथं. एका राजाचं राज्य गेलं, दोन देशांचे तीन झाले, वकिलांच्या तीन पिढ्या जगल्या, आणि त्या खात्यातल्या पैशात 1948 ला जेवढं लोणी-पाव आलं असतं तेवढंच 2019 ला आलं असतं. ज्या माणसाच्या श्रीमंतीची जगात दवंडी पिटली होती, त्याच्या पैशाला महागाईनं एक पायरीही चढू दिली नाही.

दशांशचिन्ह

@गोदाकाठ, प्रतिसाद फार आवडला. पण तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. निजामाची श्रीमंती रोकड, हिरे आणि तनखा अशी. रोकड आणि तनखा महागाईनं कुरतडला. आजच्या अब्जाधीशाकडं रोकड असते किती? त्याच्याकडं कंपन्यांचे हिस्से असतात. साबण महागला तर साबणवाल्या कंपनीचा धंदा रुपयांत आपोआप फुगतो. महागाई लागते ती पगाराला आणि पेन्शनला.

गोदाकाठ

साक्षीदार तुमचा नाही, माझाच आहे. निजामाची श्रीमंती 1948 च्या सप्टेंबरात संपली. हिरे होते तिथंच होते, एकही कॅरेट कमी झाला नाही. पण 17 तारखेनंतर त्या हिऱ्याखालच्या कागदावर सही करून कुणाची जमीन घेता येत नव्हती. 1995 मध्ये भारत सरकारनं ते जवाहीर 218 कोटींना घेतलं. आज तिकीट काढून बघता येतं, प्रदर्शन भरतं तेव्हा. महागाई हळू खाते, सत्ता एका आठवड्यात जाते. अतिश्रीमंतीचा अर्थ कशानं बदलतो म्हणाल तर मी दुसरं उत्तर देईन.

उधारखाते

पेशानं सीए आहे, म्हणून आधी एक दुरुस्ती. @घाटावरचा, तुम्ही वापरलेला निर्देशांक मुद्दाम पातळ केलेला असतो. ग्राहक किंमत निर्देशांकात जी सरासरी वाढ होते तिच्या 75 टक्केच त्यात धरतात, कायद्यातच तसं आहे. म्हणजे लाखाचे बारा हजार व्हायला 2011 उजाडावं लागलं नसावं, त्याआधीच झाले. आणि जुलै 2024 च्या अर्थसंकल्पानं हे पातळ औषधही बहुतेक ठिकाणी बंद केलं. त्या तारखेआधी घेतलेल्या जमीनजुमल्याला पर्याय ठेवलाय, जुन्या पद्धतीनं 20 टक्के किंवा निर्देशांक न लावता साडेबारा. यापुढं घेतलेल्या घराची किंमत नुसत्या महागाईनं वाढली तरी सरकारलेखी तो नफाच.

आता मूळ वादात. महागाई श्रीमंताला 'लागत नाही' एवढंच म्हणून दशांशचिन्ह थांबले. मी पुढं जातो. काही श्रीमंत महागाईवरच पोसले जातात. ह्यूगो स्टिनेस हे नाव बघा. जर्मनीत रूरच्या खोऱ्यातलं कोळशाचं आणि जहाजांचं पिढीजात घराणं. पहिल्या महायुद्धानंतर मार्क घसरायला लागला तसा हा बँकांकडून मार्कात कर्ज उचलत गेला आणि त्यात खाणी, पोलादाचे कारखाने, जहाजं, हॉटेलं, वर्तमानपत्रं घेत गेला. सहा महिन्यांनी फेड करायची तेव्हा त्या कर्जाची किंमत एका जेवणाएवढी झालेली असायची. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. ज्यानं आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवली त्या मास्तरची पुंजी शून्य झाली. तीच पुंजी कर्ज म्हणून उचललेल्याचा कारखाना झाला. जर्मनीत त्याला महागाईचा राजा म्हणत.

मजा पुढंच आहे. नोव्हेंबर 1923 मध्ये नवं, स्थिर चलन आलं. एप्रिल 1924 मध्ये स्टिनेस वारला. 1925 मध्ये साम्राज्य कोसळलं, कारण आता कर्ज खऱ्या पैशात फेडायचं होतं. महागाई थांबली आणि राजा संपला.

आपल्याकडं एवढी महागाई कधी नव्हती, नशीब. पण दहा टक्क्यांनी कर्ज, सात टक्के महागाई, आणि बारा टक्क्यांनी वाढणारी जमीन हे गणित माझ्या प्रत्येक बिल्डर अशिलाला पाठ आहे. पगारदाराला ते सांगितलं की तो म्हणतो, नको बाबा, एफडीच बरी.

वाकडवस्ती

हे गणित पाठ नसलेल्यांचं पण ऐका. हिंजवडीच्या बाजूला आमच्या चुलत्यांची जमीन. 2005 ला वीस गुंठे विकले, कोटभर आले. गावात गुंठामंत्री म्हणायला लागले. पांढरी स्कॉर्पिओ, गळ्यात बोटभर जाड साखळी, मुलाच्या लग्नात हेलिकॉप्टर आणायचं ठरलं होतं, परवानगी मिळाली नाही म्हणून राहिलं. उरलेले सगळे बँकेत. 'आता कोट्यधीश झालो, बस झालं.' तेव्हा कोणी हसलं नाही, कारण तेव्हा कोटी हा आकडा तसाच होता. केबीसीत 2000 साली हर्षवर्धन नवाथे कोटी जिंकला तर चाळीचाळीत पेढे वाटले होते.

आज त्या वीस गुंठ्यांवर बावीस मजल्यांचे दोन टॉवर आहेत. चुलते त्यातल्याच एका टॉवरच्या गेटवर खुर्ची टाकून बसतात. नोकरी नाही हो, सवय. रोज संध्याकाळी जातात, वॉचमनशी गप्पा मारतात. स्कॉर्पिओ गेली, साखळी आहे. सराफकट्टावाल्यांच्या हिशेबात तेवढी एकच गोष्ट शहाणपणाची निघाली, आणि सगळं गाव त्यांना साखळीवरूनच हसत होतं.

सराफकट्टा

घडणावळ आणि मोडीची तूट वजा करा त्यातून. पण हो.

घाटावरचा

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. 'निम्मा पराक्रम' हे मागं घेतो. दशांशचिन्हांचा 400 जणांचा हिशेब घरी दोनदा करून पाहिला, मोडत नाही.

पण माझी मूळ तक्रार आकड्यांच्या रेषांबद्दल आहे, ती राहू द्या. आपल्याकडं संपत्तिकर होता, 1957 पासून. श्रीमंतांवरचा कर. 1993 पासून 2009 पर्यंत त्याची रेषा 15 लाखांवर तशीच पडून राहिली, मग 30 लाख केली, आणि 2015 मध्ये करच काढून टाकला. 1993 ला 15 लाख म्हणजे बऱ्यापैकी बडी असामी. 2009 ला पुण्यात दुसरा एखादा प्लॉट असलेला निवृत्त मास्तर. तसंच अधिभाराचं, म्हणजे करावरच्या जादा कराचं. 2013 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी वर्षाला कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर अधिभार लावला, आणि भाषणात सांगितलं की कोटीच्या वर करपात्र उत्पन्न दाखवणारे देशात फक्त 42,800 आहेत. कोटीची ती रेषा अजून तिथंच. निर्देशांकानं ती आज पावणेदोन कोटींच्या आसपास हवी होती. रेषा हलवायची नाही आणि खालून माणसं आपोआप वर येऊ द्यायची. खरा अतिश्रीमंत या गर्दीत लपतो, एवढंच म्हणतोय मी.

दशांशचिन्ह

मागं घेतलंत, मोठेपणा. पण वर्षाला पावणेदोन कोटी कमावणाऱ्याला 'खालून आलेली गर्दी' म्हणताय ते एकदा लखपती दीदीसमोर म्हणून बघा.

ताम्हन

सगळे पुरुष रुपये, डॉलर, सोनं, गुंठे यांतच मोजताहेत. ॲडम स्मिथनं 1776 मध्ये सोपी पट्टी दिली होती: माणूस किती श्रीमंत, तर दुसऱ्यांचे किती श्रम तो विकत घेऊ शकतो तितका. या पट्टीला महागाई लागत नाही, कारण मजुरीही महागाईबरोबर वाढते. निदान वाढायला हवी.

महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 2025-26 ला दिवसाला 312 रुपये. वर्षाचे 300 दिवस धरले तर एका माणसाचे 93,600. (लखपती दीदीच्या लाखाच्या किती जवळ आहे बघा. म्हणजे सरकारच्या लेखी लखपती म्हणजे वर्षभर हमीच्या कामावर जाणारं एक माणूस.) आता देशातली कुठलीही पहिल्या नंबरची इस्टेट घ्या, आठ लाख कोटी धरा. तिला हात न लावता सात टक्के परतावा धरला तर वर्षाला 56,000 कोटी. भागिले 93,600. साठ लाख माणसं, वर्षभर, मुद्दलाला धक्का न लावता.

तेच शेटजींच्या 1965 च्या लाखाचं करा. सात टक्के म्हणजे वर्षाला सात हजार. त्यात किती गडी राबले असते? दहा? फार तर पंधरा, तेही धान्य-चटणीवर. गावानं त्या पंधरा गड्यांच्या ताकदीला वाड्याचं नाव दिलं. साठ लाखांच्या ताकदीला आपण काय म्हणणार?

उधारखाते

@ताम्हन, भागाकार बरोबर, भाज्य चुकीचा. ते आठ लाख कोटी शेअरच्या आजच्या भावानं मोजलेले आहेत. लाभांश बहुतेक टक्काभरही नसतो. आणि सगळे एकदम विकायला काढले तर भाव त्याच दिवशी कोसळेल.

सराफकट्टा

शिवाय 312 नं आमच्याकडं खुरपायला कुणी येत नाही. पाचशे आणि न्यायला-आणायला गाडी.

ताम्हन

टक्काच धरा. आठ हजार कोटी. पाचशे रुपये रोजानं भागा. पाच लाख तेहतीस हजार माणसं. बरं वाटलं?

आणि विकायची गरजच काय? आठ लाख कोटी म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या वार्षिक अर्थसंकल्पाहून मोठा आकडा. तो 2025-26 ला साधारण सात लाख कोटींचा होता. ते शेअर तारण ठेवून बँक दारात येते. स्टिनेसची गोष्ट तुम्हीच सांगितलीत.

हडसनपार

अवांतर: टेस्लाच्या भागधारकांनी नोव्हेंबर 2025 मध्ये मस्कला जो मोबदला मंजूर केला तो सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर एक हजार अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो. याला मराठीत काय म्हणायचं? पेपरवाले 'लाख कोटी' म्हणतात, ते म्हणजे हजार हजार म्हणण्यासारखं झालं.

गोदाकाठ

भास्कराचार्यांनी लीलावतीत सोय करून ठेवलीय. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. लाख कोटी म्हणजे महापद्म. त्यापुढं शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. शब्द कमी पडणार नाहीत.

तिखटमीठ

झिम्बाब्वेत 2009 मध्येच घरोघरी महापद्मपती होते. शंभर महापद्मांची नोट काढली होती सरकारनं. 2015 मध्ये ती परत घेताना हातावर अमेरिकन 40 सेंट ठेवले. ज्यांनी परत केली नाही ते हुशार, नोटा जमवणारे लोक आज तिला त्याच्या कित्येक पट पैसे मोजतात.

घाटावरचा

काल पुन्हा वाड्यावर गेलो होतो, हा धागा डोक्यात घेऊन. फोटोतल्या वहिनींना विचारलं, लखपती झाल्यासारखं वाटतं का? त्या दूध काढत होत्या. दोन म्हशी, बाकी गटाचं पापड-शेवयांचं काम. म्हणाल्या, "प्रमाणपत्र द्यायच्या आधी साहेबांनी उत्पन्न लिहून घेतलं, त्यात पेंड धरली नाही." पेंडेचं पोतं काय भावानं आहे ते त्यांनी सांगितलं, धारेच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. प्रमाणपत्र ज्या खुंटीला आहे तिथं पूर्वी गुळाच्या रव्यांचा तराजू लटकायचा, एवढं मात्र मला आठवतंय.

तिखटमीठ

वाड्याची घरपट्टी कुणाच्या नावानं येते?

घाटावरचा

अजून शेटजींच्याच. आणि पावतीवर आडनावाच्या जागी 'लखपती'.